रोज नेसायच्या रेशमाचं पण लिहा की

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला किमोनोवरचा लेख वाचला, फोटो भारीच होते, पण सगळा लेख दरबारी आणि लग्नातल्या भरजरी किमोनोवरच गेला. जपानातल्या साध्या बायका रोज जो रेशमी किमोनो घालायच्या त्या मेइसेनचं नाव पण नाही. माझं माहेर इचलकरंजीचं, घरात माग होते, त्यामुळं राहवलं नाही म्हणून लिहितेय.

एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 मध्ये, तिथं साध्या शेतकऱ्याला रेशमाची बंदी होती. आणि 1920-30 च्या दशकांत शाळेच्या पोरी, दुकानात कामाला जाणाऱ्या बायका रेशीम घालून रस्त्यावर! हे जमलं कसं, तर इसेसाकी, चिचिबु, आशिकागा, किर्यू, हाचिओजी या तिथल्या गावांतल्या विणकरांमुळं. दोन अळ्यांनी मिळून केलेला कोष असतो ना, त्याचा धागा गुंततो, जाडाभरडा येतो, तसलं आणि तुटक्या कोषांचं कातलेलं रेशीम त्यांनी वापरलं, रंग रासायनिक, त्यामुळं स्वस्त पडायचं. नक्षीची रीत तर बघण्यासारखी आहे, आधी उभे धागे कच्च्या आडव्या धाग्यांनी सैल विणून घ्यायचे, त्यावर साच्यातून रंग मारायचा, मग मागावर खरं विणताना ते कच्चे धागे काढत जायचं. त्यात उभे धागे जरासे सरकतात आणि मोठमोठ्या गुलाबांच्या कडा हलल्यासारख्या दिसतात, तीच त्याची शोभा. रंग धाग्यात आरपार जातो म्हणून दोन्ही बाजू सारख्या, एक बाजू विटली की उसवून उलटी करून परत शिवायची. अगदीच जुना झाला की गादीची खोळ, आपल्याकडं लुगड्याची वाकळ होते तसंच.

युद्धानंतर बायका फ्रॉक-स्कर्ट घालायला लागल्या आणि मेइसेन मागं पडलं. पण त्यांनी ते सोडून दिलं नाही, चिचिबु मेइसेनला 2013 मध्ये सरकारनं पारंपरिक कलेचा दर्जा दिला.

आपल्या इचलकरंजीत 1904 ला विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या मागांवर रोजची कुठली लुगडी निघाली, काठ कसले होते, कोण नेसायचं, हे कुठं वाचायला मिळतं? तुम्ही वाचकांकडून जुन्या लुगड्यांचे फोटो मागवा, म्हाताऱ्या बायकांशी बोला, एक पुरवणी त्यावर काढाच. आईची लुगडी माझ्याकडं आहेत, फोटो पाठवते, आणि माहेरकडचे जुने कारागीर ओळखीचे आहेत, तुमच्या माणसाची गाठ घालून देते.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर