बिजलीचं अल्ब्युमिन

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू अगदी सहज विचारलंस, "आम्ही पेशंटच्या शौचात कॅलप्रोटेक्टिन बघतो आणि आतड्याला सूज आहे की नाही ते सांगून मोकळे होतो. तुम्ही लिदीत का नाही गं बघत?" तेव्हा माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात घोडीचा कान, म्हणून "मग सांगते" म्हणाले. ते 'मग' आज उजाडलंय. चहा घेऊन बस.

तुमचं कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतलं प्रथिन, आतड्यात सहजी न कुजणारं. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं की तुमचे डॉक्टर निर्धास्त. घोड्याचं पोट म्हणजे मात्र चालताबोलता किण्वनाचा रांजण. चारा अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात दोन-दोन दिवस आंबत पडतो आणि दिवसाला १५-२० किलो लीद पडते. लहान आतड्यात काही बिनसलं तर त्याची खूण त्या ढिगात कुठे शोधायची? शिवाय घोड्याच्या आतड्याला सूज आली की दरवेळी न्यूट्रोफिलच धावून येतात असं नाही. कधी इओसिनोफिल असतात, कधी लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या पांढऱ्या पेशी. आणि तुमच्या किटमधल्या अँटिबॉडी माणसाच्या प्रथिनावर बेतलेल्या, त्या घोड्याचं प्रथिन ओळखतीलच याची हमी कोण देणार? संशोधन चालू आहे, पण रोजच्या कामात ज्यावर बोट ठेवावं असा सर्वमान्य आकडा आमच्याकडे अजून नाही.

म्हणून आम्ही रक्ताकडे वळतो. हल्ली सगळ्यांचं लाडकं म्हणजे सीरम अमायलॉइड ए, सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन. निरोगी घोड्यात ते जवळजवळ नसतंच. कुठे सूज सुरू झाली की ६ ते १२ तासांत चढायला लागतं, दोनेक दिवसांत शेकडो पटींनी वाढतं, आणि कारण मिटलं की तितक्याच घाईनं उतरतं. फायब्रिनोजेन हे तसलंच दुसरं प्रथिन, त्याचा आळशी थोरला भाऊ: उशिरा उठणार, उशिरा झोपणार. दोघांना शेजारी शेजारी ठेवलं की दुखणं ताजं की शिळं याचा अंदाज येतो. पण ते कुठे आहे हे दोघांपैकी एकही सांगत नाही. खुरात पू झाला, फुप्फुसाला संसर्ग झाला, एवढंच काय, नुकती लस टोचली तरी अमायलॉइड वर जातं. पांढऱ्या पेशींची तर आणखी तऱ्हा. मोठ्या आतड्याला जोराची सूज आली की रक्तातल्या पेशी वाढायच्या सोडून कमीच होतात, कारण सगळी फौज आतड्यात उतरलेली असते. नवशिका डॉक्टर तो रिपोर्ट बघून खूश होतो.

नवशिक्यांना हसायचा मला काही अधिकार नाही म्हणा. बिजलीचं ऐक.

सात वर्षांची घोडी, पूर्वी रेसला धावलेली, आता रपेटीला. पुढच्या पायाची शीर दुखावली म्हणून तिला फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक सुरू होतं. पहिल्या दिवशी किलोमागे ४.४ मिलिग्रॅम दोनदा आणि पुढे निम्मं, असं मी लिहून दिलं होतं. मालकांनी निम्मं केलंच नाही. "लंगडत नव्हती ना मॅडम, म्हटलं औषध लागू पडतंय." तीन आठवडे! मला बोलावलं ते घोडी चंदी टाकते, लीद सैल आहे, मधूनच पोटाकडे वळून बघते म्हणून. मी रक्त घेतलं. अमायलॉइड किंचित वर, फायब्रिनोजेन ठीक. लिदीत जंतांची अंडी शून्य. (त्या शून्यावरही विसंबू नये. बारीक स्ट्राँगाइल जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसल्या असतील तर अंडी दिसतच नाहीत.) औषध किती देताय, हे मी विचारलंच नाही. "चारा बदला, बघू" म्हणून निघून आले. आणि मंगल, लॅबच्या फॉर्मवर अल्ब्युमिनसमोर, म्हणजे यकृतात बनणाऱ्या आणि रक्तातलं पाणी धरून ठेवणाऱ्या त्या प्रथिनासमोर, टिक करायलाही विसरले.

दहा दिवसांनी मोतद्दाराचा फोन. म्हातारा फार बोलत नाही. "बाई, पोटाखाली पाणी धरलंय." जाऊन पाहिलं तर छातीपासून कासेपर्यंत परातीएवढी सूज, बोट दाबलं की खड्डा तसाच. अल्ब्युमिन डेसिलिटरमागे १.७ ग्रॅम. अडीचच्या वर हवं असतं. तुला सांगायला नको, पण घोड्यात अल्ब्युमिनचं अर्धायुष्य १९ दिवसांच्या आसपास असतं. यकृतानं संप पुकारला तरी ते इतक्या झपाट्यानं घसरणार नाही. म्हणजे कुठून तरी गळत होतं. उजव्या बाजूच्या बरगड्यांमधून सोनोग्राफी केली तेव्हा मोठ्या आतड्याचा उजवा वरचा भाग जाड झालेला दिसला. या औषधाचा राग निघायची ती ठरलेली जागा. ज्या आकड्याला सुजेचा आकडा म्हणून कोणी मोजत नाही, त्यानंच सूज दाखवली, आणि तो माझ्याकडे नव्हताच.

मग औषध बंद. लांब वैरण बंद, म्हणजे आतड्याला दळण कमी. त्याऐवजी चाऱ्याच्या भिजवलेल्या गोळ्या, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. शिवाय रोज २०० ग्रॅम इसबगोल. ते ऐकून मालक म्हणाले, "अहो, हे तर आमची आई रात्री घेते!" घेऊ देत. मोठ्या आतड्यातले जंतू इसबगोल आंबवतात, त्यातून तयार होणारी आम्लं त्याच्या अस्तराला पोसतात. घोडीला चव आवडत नाही, मोतद्दार गूळ लावून चारतो.

आता दर दहा दिवसांनी मी अल्ब्युमिन बघते. १.७ चं १.९ झालं, मग २.२. चढायला वेळ लागतोय, पण चढतंय. पोटाखालची सूज उतरली. पायाचं मात्र नव्यानं बघावं लागणार, कारण दुखणं दाबायला ते औषध आता तिला देता येणार नाही.

तुझ्याकडे एक काम आहे. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून मोजायची तपासणी, तुमच्या लॅबमध्ये होते ना? त्यातली बीटा ग्लोब्युलिन नावाची प्रथिनं वर असतील तर जंतांच्या त्या दडलेल्या अळ्यांचा संशय घ्यावा लागेल, तो मी अजून पुरता सोडलेला नाही. बुधवारी रक्त घेणार आहे, बर्फात घालून नाशिकच्या बसनं पाठवते. फॉर्मवर पेशंटचं नाव बिजली, वय ७, स्त्री असं लिहीन. तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला आधी सांगून ठेव.

तुझी,
वासंती