दिव्यांगांना तपासणीसाठी सांगलीला न्यायला गाडी हवी आहे

सप्रेम नमस्कार.

जत तालुक्याच्या पूर्व भागात, उमदी-माडग्याळकडं, ज्यांच्या घरात दिव्यांग माणूस आहे त्यांना ठाऊक आहे की योजना पुष्कळ आहेत, घोडं अडतं ते पहिल्या कागदावर. संजय गांधी निराधार योजनेचा पगार दिव्यांगांसाठी 2025 साली 1,500 वरून 2,500 रुपये झाला. पण तो मिळवायचा तर किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आणि त्याच्या तपासणीला सांगली-मिरजेला जावं लागतं. एसटीत 75 टक्के सवलत आहे, मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एसटीत चढवायचं कुणी? खासगी गाडी करून सांगली-मिरज गाठायचं म्हणजे भाडं वेगळं आणि घरातल्या दोघांची मजुरी बुडते ती वेगळी. दोन हेलपाटे झाले की लोक नाद सोडतात.

आमच्याकडं एक मुलगी आहे. सेरेब्रल पाल्सीमुळं तिची मूठ उघडत नाही. आधारच्या मशीनसमोर आई एकेक बोट सोडवून धरायची, पण ठसा काही उमटायचा नाही. बुबुळावरूनही ओळख पटवता येते, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढं सांगणारं माणूस सोबत असलं तरी पुष्कळ काम होतं.

म्हणून मागणं असं आहे. ज्यांची मोठी गाडी आहे त्यांनी तपासणीच्या दिवशी ती द्यावी. गाडी नसेल तर डिझेलचा खर्च उचलावा. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी पोरं-पोरी आम्हाला फार हवी आहेत, कारण इथल्या कितीतरी घरांत कानडीच बोलतात आणि फॉर्म मराठीत असतो. घरात पडून असलेली व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर चालतील, दुरुस्ती आम्ही करून घेऊ.

आणखी एक, पैशाइतकंच महत्त्वाचं. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. आपल्या गावात ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि घरपट्टी-पाणीपट्टी थकली असेल तर भरून टाका. वसुलीच नसेल तर त्या 5 टक्क्यांत एक कुबडीसुद्धा यायची नाही.

देणगी पावती घेऊनच द्या. जमा-खर्च ग्रामसभेत वाचून दाखवू. गाडीत पहिली जागा अंथरुणावरच्यांना आणि लहान मुलांना राहील. ज्यांच्याकडं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नाही त्यांची नावं आपापल्या गावच्या बचत गटाकडं आत्ताच द्या.

आपले,
जत पूर्व भागातील बचत गट व तरुण मंडळांचे कार्यकर्ते