रेड म्हणजे बॅकअप नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्था, शाळा, सीएंची कार्यालये अशा ठिकाणी आता 'नॅस'ची, म्हणजे नेटवर्कवरून सर्वांना फाइली पुरवणाऱ्या डिस्कची पेटी सर्रास दिसते. मात्र तिच्या कोटेशनवर सही होते ती बहुधा त्यातल्या शब्दांचे अर्थ न विचारता. त्यातला एक शब्द 'रेड' (RAID), म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी बिघडली तरी काम चालू ठेवणारी रचना. सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे 'रेड आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?'

४ टीबीच्या चार डिस्क 'रेड ५' या प्रकारात लावल्या की वापरायला १२ टीबी मिळतात; एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी जाते. (विंडोज १०.९ दाखवते, कारण ते १०२४च्या पटीत मोजते. विक्रेत्याने फसवलेले नसते.) एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. रेडचे काम इथेच संपते. कुणी चुकून फोल्डर उडवले, तर ते त्याच क्षणी चारही डिस्कवरून जाते. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरले, तर संगणकावर 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडलेले शेअर, म्हणजे नॅसवरचे सामायिक फोल्डरही कुलूपबंद होते. शिवाय चारही डिस्क बहुधा एकाच लॉटच्या आणि सारख्याच झिजलेल्या असतात. नवी डिस्क घातल्यावर 'रीबिल्ड'ला, म्हणजे तिच्यावर माहिती पुन्हा भरायला कित्येक तास, कधी दिवसही लागतो. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, की सगळेच गेले.

'स्नॅपशॉट', म्हणजे ठरावीक वेळेची फाइलींची नोंद, चुकून पुसलेली फाइल परत देतो, पण तोही त्याच डिस्कवर असतो. पेटी जळाली किंवा चोरीला गेली, की तोही गेला. बॅकअप म्हणजे वेगळ्या उपकरणावरची प्रत. अशा प्रतींपैकी एक तरी नेटवर्कपासून तोडलेली आणि दुसऱ्या जागी हवी. वेळेचा हिशेबही आधीच करावा. १ गिगाबिटच्या केबलवरून सेकंदाला फार तर ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला अडीच तास. १२ टीबीची पहिली प्रत एका रात्रीत होणार नाही.

दुसरा शब्द 'एसएमबी', म्हणजे विंडोज ज्या प्रोटोकॉलने शेअर उघडते तो. त्याची पहिली आवृत्ती बंदच ठेवावी. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरले. तरीही जुना स्कॅनर फोल्डरमध्ये फाइल टाकत नाही म्हणून ती पुन्हा सुरू करून दिली जाते. त्यापेक्षा स्कॅनर ईमेलवर वळवावा.

लिनक्सवर शेअरसाठी 'एनएफएस' हा प्रोटोकॉल चालतो. कोणत्या संगणकाला काय मुभा, हे त्याच्या 'एक्सपोर्ट्स' फाइलीत असते; तिथे संगणकाच्या नावाला चिकटून कंसात 'आरडब्ल्यू' (वाचणे-लिहिणे) लिहितात. मध्ये एक स्पेस पडली, तर त्या संगणकाला फक्त वाचता येते आणि लिहिण्याची मुभा इतर सगळ्यांना मिळते! डोळ्यांना ही स्पेस सहज चुकते, म्हणून बदल केल्यावर 'एक्सपोर्टएफएस -व्ही' ही आज्ञा चालवून यादीत 'वर्ल्ड' (म्हणजे सगळे) दिसत नाही ना, हे पाहावे.

आणि बॅकअपमधली एखादी फाइल दर महिन्याला दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहावी. 'सक्सेसफुल' असा हिरवा संदेश रोज येत असला, तरीही.

आपला,
एक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पुणे