आई, हे पत्र मोठ्यानं वाच

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

आई, हे पत्र तूच वाचून दाखवणार आहेस, म्हणून आधीच सांगतो: मधलं काही गाळायचं नाही. पुढे तुझी चुगली येणार आहे, तीही वाचायची.

बाबा, आईनं मला फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही रोज पहाटे पवित्र शास्त्र उघडून बसता, पानही उलटता, पण अक्षर लागत नाही. चष्मा बदलून झाला, तरी नाही. पंधरा दिवस तिलाही कळलं नव्हतं. पानं फारच लवकर उलटायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. रागावू नका तिच्यावर. इतकी वर्षं शेजारी बसून तुमच्या वाचनाचा वेग तिला पाठ झालाय, त्याला ती काय करणार?

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच आहे, त्यात चालढकल नको. पण मला बोलायचंय ते वेगळं. तुम्ही लपवलंत याचा मला राग नाही आला, उलट जरा हायसं वाटलं. कारण जवळजवळ वर्षभर मीही तेच करत होतो. माझे डोळे शाबूत आहेत, एवढाच फरक.

पाळकाचं काम म्हणजे रविवारचा उपदेश, बुधवारचा बायबल अभ्यास, मधे एखादा दफनविधी किंवा लग्न. रोज शास्त्र हातात असतंच. पण उतारा उघडला रे उघडला की माझं मन मुद्दे शोधायला लागतं. तीन मुद्दे, एक उदाहरण, शेवटी प्रार्थना. मध्यंतरी प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रावर बोललो. तुरुंगातून तो लिहितो, येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, आणि विशेषेकरून चर्मपत्रं. मरण समोर दिसतंय, हिवाळा जवळ आलाय, आणि या माणसाला वाचायला हवंय! उपदेश बरा झाला. लोकांनी दारात हात मिळवून तसं सांगितलंही. घरी येऊन बूट काढताना लक्षात आलं की, कुणाला सांगायचं नसताना, फक्त स्वतःसाठी म्हणून, कित्येक महिन्यांत मी एक अध्यायही वाचलेला नाही.

त्याच आठवड्यात चर्चच्या कमिटीची बैठक होती. विषय एकच, खुर्च्या की बाक. दोन तास चालली. बाकवाल्यांचं म्हणणं, बाकावर कुटुंब एकत्र बसतं. खुर्चीवाल्यांचं म्हणणं, बाकावर कंबर धरते. दोघांचंही खरं आहे. निर्णय पुढच्या बैठकीत. बाबा, तुम्ही कमिटीवर होतात तेव्हा रात्री घरी येऊन न बोलता जेवायचात, ते का, हे आता समजतंय.

असो. आमच्या मंडळीत एक वयस्कर गृहस्थ आहेत, अंथरुणाला खिळलेले. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. सवयीनं दोन ओळी वाचल्या आणि अर्थ सांगायला लागलो. त्यांनी थांबवलं. म्हणाले, "पाळकसाहेब, समजावू नका. नुसतं वाचा."

मी गडबडलो. हातात स्तोत्रसंहिता उघडी होती आणि पान नेमकं अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचं. ते कसं आहे तुम्हाला ठाऊक आहे. बाकीची विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. देवाला हाका मारतं आणि अंधारातच संपतं. आजारी माणसापुढे असं वाचून थांबायचं मला धाडस होईना. मी पटकन पुढच्या स्तोत्राकडे वळलो, तिथे पहिल्याच ओळीत देवाची दया गायलेली आहे. त्यांनी हात वर केला. "राहू द्या तिथंच," म्हणाले. मग आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. प्रार्थनासुद्धा त्यांनीच केली, माझ्यासाठी.

त्या दिवसापासून घरी एकटा असताना मी मोठ्यानं वाचायला लागलो. विचित्र वाटतं सुरुवातीला. पण मोठ्यानं वाचताना मुद्दे काढता येत नाहीत, पुढच्या शब्दाला वेळेवर पोचायचं असतं.

आणि बाबा, तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम सांगतो (उपदेश नाही, शपथ), कानानं वाचणं ही काही कमी प्रतीची गोष्ट नव्हे. एज्रा शास्त्र्यानं यरुशलेमच्या पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं, तेव्हा लोकांनी ते कान देऊनच ऐकलं. हबशी राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत होता. मोठ्यानं वाचत होता म्हणून तर सुवार्ता सांगणाऱ्या, धावत आलेल्या फिलिप्पाला ते ऐकू आलं, नाहीतर त्या खजिनदाराचा पुढचा बाप्तिस्मा राहिलाच असता. प्रकटीकरणाच्या सुरुवातीला धन्य म्हटलंय तेही वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना. मनातल्या मनात वाचणाऱ्याचा तिथे उल्लेखच नाही. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अंब्रोस जीभ न हलवता वाचायचा, ही गोष्ट संत ऑगस्टीनला आवर्जून लिहून ठेवावीशी वाटली. गुटेनबर्गचं छापील बायबल निघालं 1455च्या सुमारास. त्याआधी सगळं हातानं उतरवलेलं, म्हणजे सामान्य माणसाच्या घरात शास्त्र नसायचंच. किती पिढ्यांनी ते नुसतं ऐकलं असेल!

तर माझं मागणं असं. रोज रात्री नऊ वाजता मी फोन करेन. आईनं फोन स्पीकरवर टाकून तुमच्या दोघांच्या मधे ठेवायचा. तुमचाच हिशोब चालू ठेवू, रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच, म्हणजे बायबलचे 1,189 अध्याय वर्षात उरकतात. लहानपणी तुम्ही मला हा गुणाकार करायला लावला होता आणि मी दोनदा चुकलो होतो. अर्थ सांगणार नाही. तुम्ही विचारलंत तरी नाही. दिवसभर तेच तर करतो. हे तुमच्यासाठी जेवढं आहे तेवढंच माझ्यासाठीही आहे, उपकार समजू नका. एखाद्या रात्री दफनाहून किंवा कमिटीतून उशीर झाला तर आईला आधी कळवेन.

आई म्हणते तुमची वाचनाची खूण शास्त्रातल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकात अडकली आहे. म्हणजे पहिले नऊ अध्याय, नावंच नावं. अमक्याचा मुलगा तमका. मी उपदेशासाठी तिकडे कधी फिरकत नाही. पण तुम्ही एकही नाव गाळत नव्हतात, मला आठवतंय. आई मात्र याच पानांवर पेंगायची. आई, आता पेंगलीस तरी चालेल, फक्त पौल बोलत असताना खिडकीत पेंगून खाली पडलेल्या त्या युतुखासारखी खिडकीत बसू नकोस.

उच्चार चुकले तर बाबा, मधेच टोका. त्यातली अर्धी नावं मला तुमच्याच तोंडून माहीत आहेत.

आई, खूण कितव्या अध्यायावर आहे ते बघून ठेव. सोमवारी नऊला.

तुमचा,
बाळू