स्कूबाचे प्रश्न मुंबईतच विचारले जावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत मालदीवच्या ‘सर्फिंग आणि स्कूबा’ सहलींविषयी जो मजकूर आणि ज्या जाहिराती गेले काही महिने प्रसिद्ध होत आहेत, त्यांच्या संदर्भात हे पत्र लिहीत आहे. (स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी मारणे आणि सर्फिंग म्हणजे फळीवर, अर्थात बोर्डवर, उभे राहून लाटांवर स्वार होणे.) मुंबईहून सुमारे तीन तासांत मालदीवची राजधानी माले गाठता येते. वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे सुरू झाल्यापासून महागड्या रिसॉर्टशिवायही तेथे राहता येते. त्यामुळे मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे आता तेथे केवळ फोटो काढण्यासाठी न जाता पाण्यात उतरण्यासाठी जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. माझा आक्षेप सहलीला नसून ती मुंबईत ज्या पद्धतीने विकली जाते त्या पद्धतीला आहे. जे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायला हवेत, ते थेट बेटावरच्या बोटीत विचारले जातात आणि तोपर्यंत खरे उत्तर देणे प्रवाशाला परवडेनासे झालेले असते.

सर्वांत गंभीर प्रश्न शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांमधील अंतराचा आहे. पाण्याखाली आपण दाबाखालची हवा श्वासात घेतो. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो, तर प्राथमिक प्रमाणपत्र मिळवलेल्या डायव्हरला जेथवर जाण्याची मुभा असते त्या १८ मीटरवर तो जवळपास तिप्पट होतो. या दाबामुळे हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या इतर भागांत विरघळतो व वर आल्यानंतर कित्येक तास सावकाश बाहेर पडत राहतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी माणूस विमानात बसला, तर केबिनमधील दाब सुमारे आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका कमी होऊ शकत असल्याने उरलेल्या वायूचे बुडबुडे तयार होण्याचा धोका असतो. त्यातून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही उद्भवू शकते. म्हणूनच ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, तर एकाहून अधिक बुड्या किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळण्याची शिफारस करते. सर्फिंगला असे कोणतेही बंधन नाही. तेव्हा ज्यांना दोन्ही करायचे आहे त्यांनी डायव्हिंग आधी उरकावे आणि अखेरचा दिवस लाटांसाठी ठेवावा, इतका हा साधा हिशेब आहे.

प्रत्यक्षात काय घडते? आमच्या नात्यातील एका कुटुंबाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत परतीच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि त्याच संध्याकाळी विमान, असा क्रम होता. बेटावरील प्रशिक्षकाने तिकिटाची वेळ पाहून त्यांना पाण्यात नेण्यास स्पष्ट नकार दिला. घरच्या मंडळींना तो अडेलतट्टूपणा वाटला. वस्तुतः त्या संपूर्ण सहलीत आपले काम चोख बजावणारा बहुधा तोच एक माणूस होता. मुंबईतील सहल कंपनीने मात्र ‘सेवा उपलब्ध होती, ग्राहकाने घेतली नाही’ असे कारण देऊन त्या रकमेचा परतावा नाकारला. (हा धोका विमानापुरताच नाही, हेही जाता जाता नमूद करतो. तारकर्लीला बुड्या मारून त्याच दुपारी आंबोली घाटाने परतणारे पर्यटक सुमारे सातशे मीटर उंचीवर पोहोचतात. त्यांना याबाबत कोणी सावध केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.)

दुसरा प्रश्न आरोग्याच्या अर्जाचा. कोणत्याही जबाबदार डायव्हिंग केंद्रात पाण्यात उतरण्याआधी एक प्रश्नावली भरून घेतली जाते. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांविषयी त्यात विचारणा असते. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलविषयीही विचारले जाते. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाता येत नाही. आता असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा की, सगळे पैसे भरून झाले आहेत, परतावा मिळणार नाही हे ठाऊक आहे, मुले तयार होऊन बोटीत बसली आहेत आणि अशा वेळी पन्नाशीच्या गृहस्थांच्या हाती तो इंग्रजी अर्ज दिला जातो. ते सर्व रकान्यांत ‘नाही’ लिहून मोकळे होतात. यात त्यांचा दोष नाही असे मी म्हणणार नाही, परंतु खोटे बोलण्याला बक्षीस आणि खरे बोलण्याला दंड अशी ही व्यवस्था त्यांनी उभारलेली नाही. तोच अर्ज मराठीत, आरक्षणाच्या वेळी, दादर किंवा बोरिवलीच्या कार्यालयातच हाती पडला, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन शांतपणे निर्णय घेता येईल आणि नको असल्यास तो भाग कार्यक्रमातून वगळताही येईल. साध्या सर्दीचाही येथे विचार व्हायला हवा. नाक चोंदलेले असताना कानांतील दाब समतोल राखता येत नाही आणि गोळी घेऊन नाक मोकळे केले, तरी तिचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला तर वर येताना दुखापत होऊ शकते. मुंबईच्या पावसाळ्यातून थेट विमानात बसणाऱ्यांना तरी हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

पावसाळ्याचा उल्लेख आलाच आहे, तर हंगामाविषयीही लिहितो, कारण जाहिरातींतील सर्वाधिक गोंधळ तेथेच आहे. पावसाळ्यात दर्याच्या वाटेला जाऊ नये, हे आपल्या किनाऱ्यापुरते अगदी खरे आहे. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करूनच नव्या हंगामाला लागतात आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीवर बंदीही असते. मालदीवच्या लाटांचे गणित मात्र वेगळे आहे. त्या दूर दक्षिणेकडील महासागरातील वादळांत जन्म घेतात आणि हजारो किलोमीटर अंतर कापून विषुववृत्तापर्यंत पोहोचतात. माले प्रवाळवलयाच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याभोवती वसलेल्या बेटांच्या वर्तुळाच्या, पूर्वेकडील कडेवर त्या फुटतात तेव्हा नैर्ऋत्येचा वारा त्यांना समोरून अडवत असल्यामुळे त्यांची भिंत सुबक उभी राहते. साधारण मार्च ते ऑक्टोबर हा तेथील सर्फिंगचा हंगाम. परंतु याच काळात मोसमी पावसाबरोबर पाण्यातील प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढते आणि पाणी गढुळते. नितळ पाण्यासाठी जानेवारी ते एप्रिल हे महिने चांगले. उलट त्याच प्लवकासाठी जून ते नोव्हेंबरच्या सुमारास बा प्रवाळवलयातील हनिफारूच्या खाडीत मांटा मासे मोठ्या संख्येने येतात, पण तेथे स्कूबाला बंदी असून केवळ स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहणे, करता येते. सारांश, जुलैमधील एकाच सहलीत ‘नितळ पाणी, उंच लाटा आणि मांटांसोबत स्कूबा’ यांचे आश्वासन देणारी जाहिरात लिहिणाऱ्याने बहुधा नकाशाही उघडलेला नसतो.

‘नवशिक्यांसाठी सर्फिंग’ या शब्दांविषयीही सावधगिरी हवी. थुलुस्धू बेटाजवळील ‘कोक्स’ आणि ‘चिकन्स’ यांसारख्या मालदीवच्या नावाजलेल्या लाटा वाळूवर नव्हे, तर उथळ प्रवाळावर फुटतात. १९७३ साली ज्या ऑस्ट्रेलियन सर्फरने या लाटांचा शोध घेतला, ते टोनी हिंड ज्या नौकेतून प्रवास करत होते ती याच भागात प्रवाळावर आपटून फुटली होती आणि म्हणूनच ते तेथे अडकले, ही हकीकत सर्फरांमध्ये सर्वश्रुत आहे. ज्याला बोर्डवर उभे राहण्याचा सरावही नाही त्याने तेथे पहिला धडा गिरवणे म्हणजे अंग सोलवटून घेणे होय. वाळूच्या तळाच्या सौम्य लाटा असलेल्या ठिकाणी, आपल्या देशात कर्नाटकातील मुल्कीला किंवा चेन्नईजवळील कोवलमला, आधी शिकून मग मालदीवला जावे. त्याहीआधी पोहायला शिकावे. महापालिकेचे तलाव आहेत आणि त्यांचे शुल्क मालदीवच्या एका जेवणापेक्षा फार अधिक नसावे.

आपणास आणि आपल्या माध्यमातून सहल कंपन्यांना माझी विनंती मर्यादित आहे. कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या बुडीची आणि विमान सुटण्याची वेळ शेजारी शेजारी छापावी. आरोग्याची प्रश्नावली आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी मराठीतून द्यावी. डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षकाने नकार दिल्यास त्या भागाचा पूर्ण परतावा देण्याची अट लेखी असावी. यांतील तिसरी मागणी कंपन्यांना सर्वाधिक जड जाईल, परंतु पहिल्या दोन मागण्यांचा उपयोग तिच्यावरच अवलंबून आहे. प्रवासविम्यात साहसी जलक्रीडांचा समावेश आहे की नाही, तेही त्याच कागदावर लिहून मिळाले तर उत्तम. दिवाळीच्या सहलींच्या जाहिराती लवकरच सुरू होतील. त्या स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने निदान पहिल्या मुद्द्याची खातरजमा करावी, अशी अपेक्षा आहे.

आपला,
एक वाचक
माहीम, मुंबई