सुट्टीतल्या कामाची लाज नाही, मजुरी बुडते त्याचे काय?

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आलेला ‘सुट्टी आणि आजची पिढी’ हा लेख काल वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. आजच्या कॉलेजच्या मुलांना कष्टाची लाज वाटते, दोन महिने ती मोबाइल बघत लोळतात, असे लेखकाने लिहिले आहे. लेखक वयाने मोठे आहेत, त्यांच्याविषयी आदर आहे. पण मी द्वितीय वर्ष बीएस्सीला पुण्यात शिकतो, मूळचा पारनेर तालुक्यातला. यंदाची उन्हाळी सुट्टी मी काम शोधण्यात आणि काम करण्यात घालवली आहे. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी काम शोधायचे म्हणजे काय, ते सांगतो. परीक्षेचे वेळापत्रक दोनदा बदलले. सुट्टी नक्की कधी लागणार हेच माहीत नसेल, तर कोणाला काय तारीख सांगायची? लक्ष्मी रोडवर कापडाच्या सात दुकानांत विचारले. सगळीकडे एकच उत्तर, “कायमचा मुलगा पाहिजे. तू शिकून तयार होशील आणि जूनमध्ये निघून जाशील.” त्यांचेही चुकत नाही. त्यातच वसतिगृहाची नोटीस लागली, ५ मेपर्यंत खोल्या रिकाम्या करा. ज्याला सुट्टीत पुण्यात राहून कमवायचे आहे त्याने ट्रंक घेऊन कुठे जायचे? मी नऱ्ह्याला एका मित्राच्या ओळखीने कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहिलो. महिन्याचे २,००० रुपये आधी मोजले, तेही उसने घेऊन. म्हणजे पहिला रुपया कमवायच्या आधी मी २,००० चा देणेकरी झालो होतो.

सरकारच्या योजना आहेत, असे कोणी म्हणेल. मी त्याही पाहिल्या. २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेला सुरुवातीला वय किमान २१ लागत होते आणि पूर्णवेळ शिकणारा चालत नव्हता. दोन महिन्यांचे काम हवे असलेल्या विद्यार्थ्याला दोन्हीकडे जागा नव्हती.

शेवटी काम मिळाले ते केटरिंगमध्ये, वाढप्याचे. मे महिना, लग्नसराई. ठेकेदाराला रोज पंधरा-वीस पोरे लागत होती. ४५० रुपये हजेरी, रात्रीचे जेवण, आणि दोन लग्ने असतील त्या दिवशी दीड हजेरी, असे तोंडी ठरले. कागद नाही, चिठ्ठी नाही. दुपारी चारला मंगल कार्यालयावर पोचायचे, टेबलांना कापड लावायचे, डिश पुसायच्या, सातला काउंटरवर उभे राहायचे. माझ्याकडे बहुतेक वेळा गरम पुऱ्यांचा काउंटर असे. एका बाजूला कढई, दुसऱ्या बाजूला माणसांची रांग, अंगात गळ्यापर्यंत बटणे लावलेला जाड पांढरा शर्ट. घाम पुसायला हात वर करायचा नाही, पाहुण्यांना ते दिसता कामा नये, असा हुकूम. साडेबाराला पाहुणे गेले की आम्ही गार झालेला जिरा राइस आणि तळाची भाजी खायचो. मग भांडी मोजून टेम्पोत भरायची. तेवढ्यात दीड वाजलेला असे, नऱ्ह्याला जायला बस नसे. मंडपातले गालिचे गुंडाळलेले असत, त्यांच्यावरच आम्ही चार-पाच जण झोपायचो आणि पहाटेची पहिली बस पकडायचो.

एकदा माझेच एक सर लग्नाला आले होते. माझ्या हातची पुरी घेताना त्यांनी ओळखले, पाठीवर हात ठेवला, “शाब्बास” म्हणाले. मला त्या रात्री लाज वाटली नाही, अभिमान वाटला. लेखकांना हे मुद्दाम कळवावेसे वाटते. आमच्यात नगरची, बीडची, धाराशिवची मुले होती, एक तर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा होता. त्यांच्यातला एकही कामाला लाजणारा मी पाहिला नाही.

मी १९ दिवस काम केले. फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर रोजची तारीख, कार्यालय, किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, सगळे लिहून ठेवले. दीड हजेरी बाजूलाच राहू द्या, साधा हिशेब केला तरी १९ गुणिले ४५०, ८,५५० रुपये होतात. मधे २,००० उचल घेतली होती. राहिले ६,५५०. हिशेबाला गेलो तेव्हा ठेकेदाराने गणवेशाचे ७०० कापले. तो शर्ट त्यांनी परतही घेतला होता! काचेच्या वाट्या फुटल्या म्हणून ३५०, त्या कोणी फोडल्या ते देवाला माहीत. जे दोन लग्नांचे चार दिवस होते, सकाळी सातपासून रात्री एकपर्यंत, त्यांची एकेकच हजेरी धरली. मी वही पुढे केली. ते म्हणाले, “वही तू लिहिलीस, मी कशाला मानू?” आणि ३,००० रुपये हातावर ठेवले. राहिलेल्या २,५०० चे काय, विचारले. “तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो. तेव्हा कामाला ये, मग देतो.”

म्हणजे माझ्याच घामाचे पैसे मिळवायला मी पुन्हा त्यांच्याकडेच राबायला जायचे. नोव्हेंबरमध्ये माझी सत्र परीक्षा असते. हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणूनच ते इतक्या निवांतपणे तसे बोलू शकतात. मुलगा जूनमध्ये वर्गात जाऊन बसणार, दोन-अडीच हजारांसाठी कोण कामगार कचेरीच्या पायऱ्या चढणार? तरीही मी चढलो. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, पण पहिला प्रश्न त्यांनी विचारला, “नेमणुकीचा काही कागद आहे का?” माझ्याकडे वहीचे पान होते.

या देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहा किंवा जास्त माणसे राबतात तिथे दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती; २०२५ मध्ये ही तरतूद सैल केली, तरी जादा कामाला दुप्पट दर आहेच. ते अठरा तासांचे चार दिवस कोणत्या कायद्यात बसतात, हे मला कोणी तरी सांगावे.

माझे आजोबा साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी ही संस्था काढली, मुलांना शेतात, बांधकामावर राबायला लावले, पण राबणाऱ्या मुलाच्या डोक्यावर छप्पर ठेवले आणि ताटात भाकरी ठेवली. आजोबा अजून ते सांगताना भरून येतात. आमच्या विद्यापीठातही कर्मवीरांच्या नावाने कमवा व शिका योजना आहे, ती चांगलीच आहे. माझ्या महाविद्यालयात मात्र ती परीक्षा आल्या की थांबते, आणि गरज तर सुट्टीतच सगळ्यात जास्त असते, कारण जूनमध्ये फी भरायची असते. सुट्टीत वसतिगृहाचा एक मजला जरी काम करणाऱ्या मुलांसाठी उघडा ठेवला, आणि ज्यांना मुले हवीत त्या दुकानदारांनी, ठेकेदारांनी महाविद्यालयातल्या एका वहीत दर, तास आणि पैसे देण्याची तारीख लिहून सही करावी एवढी सोय केली, तरी पुष्कळ होईल. याला निधी लागत नाही. एक वही आणि एक जबाबदार माणूस लागतो. ती सहीची ओळ माझ्याकडे असती तर त्या बाईंना दाखवायला काही तरी असते.

लेखकांनी तरुणांवर एक अख्खे पान लिहिले. त्यांनी एका रात्री, साडेबारानंतर, कोणत्याही कार्यालयाच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहावे, ही माझी मनापासून विनंती आहे. तिथे गार भात खाणाऱ्या मुलांना त्यांचे वय आणि वर्ग विचारावा, आणि मग पुन्हा लिहावे.

ता.क. आपल्याच अंकात छोट्या जाहिरातींत ‘विद्यार्थ्यांना घरबसल्या डेटा एंट्रीचे काम’ असे वरचेवर येते. एप्रिलमध्ये मी त्या नंबरवर फोन केला होता. नोंदणीचे ९९९ रुपये भरा, मग काम पाठवतो, असे सांगितले. मी भरले नाहीत, पण माझ्या खोलीतल्या मित्राने भरले आणि दुसऱ्या दिवसापासून तो नंबर बंद. तीच जाहिरात परवा नव्या नंबराने पुन्हा दिसली. आपला अंक आमच्या गावात लोक विश्वासाने वाचतात, छापून आले म्हणजे खरे असे समजतात. अशी जाहिरात घेण्याआधी देणाऱ्याचा पत्ता आणि ओळखपत्र तपासावे. निदान तो नवा नंबर तरी उद्यापासून छापू नये.

आपला,
एक विद्यार्थी-वाचक, पुणे