जुन्या गोव्याची वाट दाखवणाऱ्या गुरुजींना

फोंडा, गोवा

आदरणीय गुरुजींस,
सादर प्रणाम.

आपले नाव कोठेही छापायचे नाही, ही आपली अट मान्य करूनच हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. जुन्या गोव्यावरील माझी छायाचित्रमालिका आता पूर्ण झाली आहे. ती पाहणारे लोक कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, अशी विचारपूस करतात. वास्तविक त्या मालिकेत जे पाहण्याजोगे आहे, ते आपण उन्हातान्हात माझ्याबरोबर पायी फिरून दाखवलेत म्हणूनच आहे. हे त्या सर्वांना कळावे, असे मनापासून वाटते, आणि म्हणून आपल्या ओसरीवर बसून मानलेल्या आभारांवर माझे समाधान होत नाही.

जुने गोवे पायी पाहणारे फार थोडे. बहुतेक प्रवासी गाडीतून उतरतात, बॉम जीझस बासिलिका आणि समोरचे से कॅथेड्रल पाहतात, हिरवळीवर फोटो काढतात आणि निघून जातात. हे एके काळी गजबजलेले शहर होते, याची खूण त्यांना सापडत नाही, कारण शहर म्हणावे असे तेथे काही दिसतच नाही. रोगराईच्या साथींनी लोकवस्ती विरळ झाली, १७५९ मध्ये विसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला, १८४३ मध्ये राजधानीचा मानही रीतसर पणजीकडे गेला, आणि ओस पडलेल्या वास्तूंचे दगड नव्या राजधानीच्या बांधकामासाठी वाहून नेण्यात आले. राहिली ती चर्च आणि मठ, ज्यांना १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. घरेच नाहीत अशा शहराचे चित्र कॅमेऱ्यात धरायचे कसे, हा माझा प्रश्न होता. आपण त्याचे उत्तर तोंडी दिले नाही. कपाटातून एका जुन्या नकाशाची प्रत काढली आणि चपला घातल्या.

तो नकाशा लिन्शोटेन या डच प्रवाशाच्या १५९६ मधील ग्रंथातला. सोळाव्या शतकाच्या शेवटी काही वर्षे हा गृहस्थ येथे आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. आपण मला मांडवीच्या धक्क्यावर नेऊन नदीकडे पाठ करून उभे केलेत, कारण आलेला माणूस या शहरात नदीकडूनच शिरत असे. समोर विसरॉयची कमान होती. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर उभारलेली ही कमान पुढे ढासळली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली, हे ऐकल्यावर मी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. कमानीतून वर जाणारा रस्ता म्हणजे जुना रुआ दिरेता. लिन्शोटेनच्या चित्रात तेथे बाजार भरला आहे, पालख्या आणि छत्र्या आहेत, लिलाव चालला आहे. आज त्याच रस्त्यावरून फेरीबोटीच्या दुचाक्या जातात. रस्ता रिकामा होण्याची वाट न पाहता त्या दुचाक्या चित्रात येऊ द्याव्यात, हे आपण सुचवलेत, आणि मालिकेतले पहिले छायाचित्र तेच आहे. सेंट कॅजेतान चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दरवाजाची काळ्या दगडाची चौकट एकटीच उभी आहे. तिच्यासमोर आपण बराच वेळ काही न बोलता थांबलात. पोर्तुगिजांच्या आधीचे शहर दाखवणारी एवढीच गोष्ट तेथे चटकन नजरेला पडते. पलीकडच्या दिवाडी बेटावर सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ होते आणि नार्व्याला आसरा घेतलेल्या त्या देवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, हे आपण धक्क्यावरच सांगितले होते. त्यामुळे फेरीबोटीचे छायाचित्र काढताना माझ्या मनात केवळ नदी नव्हती.

सर्वांत मोठे ऋण बॉम जीझसच्या भिंतीपाशी झाले. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चचा लालसर दर्शनी भाग गोव्याच्या प्रत्येक माहितीपत्रकावर असतो आणि तो मूळचाच तसा आहे, असे लोक धरून चालतात. आपण मला भिंतीच्या इतके जवळ नेलेत की फ्रेममध्ये हातभर जागाच मावत होती. तेथे वसईकडून आणलेला काळा बसाल्ट आणि गावचा जांभा एकमेकांना लागून आहेत. बसाल्टच्या कोरीव कडा आजही धारदार आहेत, आणि शेजारच्या चिऱ्याच्या कडा मात्र झिजून गोल झाल्या आहेत. त्याच्या छिद्रांत पावसाळ्याची ओल साचते, शेवाळ धरते आणि बोट फिरवले की तांबडी भुकटी लागते. जांभा उघडा ठेवण्यासाठी नसतो, त्यावर चुन्याचा गिलावा हवा, आणि तो या भिंतीवर होताही; विसाव्या शतकाच्या मध्याला, पोर्तुगीज अमदानीतच, तो उतरवण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा या भिंतीतून थोडे थोडे घेऊन जात आहे. ज्याला आपण सारे सौंदर्य म्हणून टिपतो ती या दगडाची झीज आहे, हे समजल्यावर लांबून काढलेली माझी जुनी चित्रे मी बाजूला ठेवली. त्या काळ्या-तांबड्या सांध्याचे छायाचित्र मी मालिकेत सर्वांत मोठ्या आकारात छापले. पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर जाणकारांत मतभेद असतील. परंतु भिंत अशी जवळून पाहिल्याशिवाय कोणी मत देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

उजेडाविषयी आपण दोनच वाक्यांत सांगितलेत. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला, म्हणून तेथे सकाळी; बॉम जीझसचे पश्चिमेला, म्हणून तेथे दुपार कलल्यावर. मधल्या कडक उन्हात काकूंच्या हातची पेज आणि कैरीचे लोणचे. या वेळापत्रकात मी शेवटपर्यंत बदल केला नाही.

पवित्र टेकडीवरची चढण आपल्या गुडघ्यांना सोसणारी नव्हती, तरी सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापर्यंत आपण आलात. १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचाही अर्धा भाग पडला. उरलेला, सुमारे ४६ मीटर उंचीचा, आकाशात उभा आहे. सगळे जण मान वर करून तोच टिपतात. आपण मला खाली पाहायला लावलेत: जमिनीतल्या कोरीव थडग्यांच्या शिळा, भिंतीच्या बुडाशी चिकटून राहिलेल्या रंगीत फरशांचे तुकडे. २००५ मध्ये याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या आणि २०२१ मध्ये त्यांतील एक अवशेष भारताने जॉर्जियाला भेट दिला, हे सांगताना आपल्या आवाजात गावाचा अभिमान होता. येथली घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. तेव्हा मनोऱ्याचे छायाचित्र एकटे लावू नये, पणजीला जाऊन त्या चर्चच्या घंटेचे काढावे आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडावीत, ही कल्पना सर्वस्वी आपली. प्रेक्षक ज्या जोडचित्रापाशी सर्वाधिक थांबतात ते हेच. एक शहर मोडून दुसरे कसे उभे राहिले, हे त्या दोन चौकटींत कोणत्याही मजकुराशिवाय कळते.

गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताच्या दिवसांत पायी येणाऱ्या भाविकांची चित्रे मला हवी होती. प्रार्थना चालू असताना कॅमेरा पिशवीत ठेवायचा, माणसाचा चेहरा घेण्यापूर्वी त्याला विचारायचे, आणि नकार आला तर तेवढ्याच आदराने नमस्कार करून पुढे जायचे, हे नियम आपण घालून दिलेत. विचारल्यामुळे क्षण निसटतो, असे अनेक छायाचित्रकार मानतात. मला ते पटत नाही. रात्रभर चालून आलेल्या एका वृद्ध मावशींनी परवानगी तर दिलीच, शिवाय पायांतल्या चपला काढून, ओढणी नीट करून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्या छायाचित्रात जो भारदस्तपणा आहे तो त्यांनी स्वतः दिलेला आहे.

मालिकेची एक प्रत मी आपल्या जुन्या मराठी शाळेच्या वाचनालयाला दिली आहे. प्रत्येक चित्राखाली जागा, दगड आणि इमारतीचे वर्ष लिहिले आहे. काही चुकले असेल तर लाल शाईने दुरुस्त करून पाठवावे. टेकडीवरच्या मोंतच्या कपेलाकडून (छोट्या चर्चकडून) दिसणाऱ्या साऱ्या परिसराचे छायाचित्र अजून घ्यायचे राहिले आहे. पाऊस उघडला की मी गाडी घेऊन येईन. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आपल्याला चढण चढावी लागणार नाही. येताना नकाशा सोबत घ्यावा, एवढीच विनंती.

काकूंना माझा नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली नम्र,
फोंड्याची एक छायाचित्रकार